रजेवरचा फौजी आणि हत्यार: बेळगाव, खानापूर, निपाणी भागातून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

फौजेत नोकरी करतो, रायफल रोज हातात असते. मग रजेवर गावी आल्यावर पिस्तूल बाळगायला वेगळा परवाना कशाला?

कारण कायदा माणूस बघत नाही, ड्यूटी बघतो. शस्त्र अधिनियम १९५९ च्या कलम ४५ मध्ये सरकारी नोकराला परवान्यातून सूट आहे, पण ती ‘कर्तव्य बजावत असताना’ एवढीच. टेरिटोरियल आर्मीचा जवान आणि एनसीसीचा कॅडेट यांनाही तीच अट आहे. हत्यार कोतमध्ये (युनिटच्या शस्त्रागारात) जमा झालं, रजिस्टरवर सही झाली, मूव्हमेंट ऑर्डर (प्रवासाचा आदेश) खिशात पडली की ती सूट संपली. सांबऱ्याच्या स्टॉपवर उतरणारा फौजी आणि त्याच्या शेजारी बसलेला भाजीवाला, दोघांची शस्त्र कायद्यापुढची जागा एकच.

युनिटचं हत्यार रजेवर घरी आणता येतं का?

नाही. सीओने (कमांडिंग ऑफिसरने) तोंडी सांगितलं, सिनियरने डोळेझाक केली, तरी नाही. इन्सास, एके किंवा ९ एमएम पिस्तूल ही प्रतिबंधित हत्यारं आहेत. अधिकाराशिवाय ती जवळ सापडली तर २०१९ च्या दुरुस्तीनंतर किमान ७ वर्षं आणि जास्तीत जास्त १४ वर्षं कैद होऊ शकते. त्याशिवाय आर्मी ॲक्टखालची कारवाई वेगळी.

आणि एखादी गोळी? आठवण म्हणून?

हा प्रश्न हसण्यावारी नेला जातो आणि सगळ्यात जास्त पोरं इथेच अडकतात. फायरिंग रेंजवरून परतताना पाऊचमध्ये एखादा राउंड राहतो, पाऊच पिट्टूत (पाठीवरच्या पिशवीत) जातं, पिट्टू रजेच्या सामानात. मग विमानतळावरच्या एक्स-रेमध्ये तो दिसतो आणि रजेचे पहिले चार दिवस पोलीस ठाण्यात जातात. जिवंत काडतुसालाही परवाना लागतो, बंदूक जवळ असो वा नसो. राउंड जवळ आहे हे खरोखरच माहीत नव्हतं, असा बचाव न्यायालयं ऐकून घेतात. शस्त्र बाळगण्यात जाणीव असावी लागते हे तत्त्व रुजलेलं आहे. पण तो बचाव कोर्टात ऐकला जातो, विमानतळावर नाही.

उपाय सोपा आहे. निघायच्या आदल्या दिवशी पिट्टू, पाऊच आणि जॅकेटचे सगळे खिसे उलटे करून झटकायचे. अस्तर फाटलं असेल तर आत हात घालून बघायचं. राउंड बहुतेक वेळा तिथेच घसरलेला असतो.

मग खाजगी हत्याराचा परवाना फौजीला मिळतो का?

मिळू शकतो, आणि त्याचं नाव नियमात स्पष्ट आहे. शस्त्र नियम २०१६ च्या नियम १२ मध्ये कुणाच्या अर्जाचा विचार करायचा ते दिलंय. त्यात सेनादलं, केंद्रीय सशस्त्र पोलीस दलं आणि राज्य पोलीस यांत सेवेत असलेले किंवा सेवा केलेले लोक येतात. पण त्याच वाक्यात पुढे अट आहे: जीविताचं किंवा मालमत्तेचं रक्षण करायची खरी गरज असली पाहिजे. नुसतं ‘मी माजी सैनिक आहे’ पुरत नाही. अर्जाच्या कारणाच्या रकान्यात ‘स्वसंरक्षण’ हा एकच शब्द लिहून दिला की फाइल तिथेच बसते. मळा वस्तीपासून किती लांब आहे, पूर्वी चोरी किंवा हल्ला झाला असेल तर त्या तक्रारीचा क्रमांक, धमकी कुणाकडून आणि कधी, असं लिहा.

मालमत्ता कमी आहे एवढ्याच कारणावरून परवाना नाकारता येत नाही, हे कलम १४ मध्ये लिहिलेलं आहे. ‘दोन एकरवाल्याला बंदूक कशाला’ असं कुणी काउंटरवर म्हणालं तर हे कलम लक्षात ठेवा.

अर्ज कुठे आणि कसा करायचा?

बेळगाव शहर पोलीस आयुक्तालयाच्या हद्दीत घर असेल तर पोलीस आयुक्तांकडे. हद्दीबाहेर, म्हणजे खानापूर, निपाणी, चिकोडी वगैरे भागात असाल तर डीसी ऑफिसात (जिल्हाधिकारी कार्यालयात). आपलं गाव कुठल्या ठाण्याच्या हद्दीत येतं ते आधी विचारून घ्या. शहराला लागून असलेल्या गावांतले लोक चुकीच्या ऑफिसात फाइल देतात आणि ती परत यायला आठवडे जातात.

लागणारी कागदपत्रं: नमुना ए-१ मधला अर्ज, फोटो, वयाचा आणि पत्त्याचा पुरावा, नमुना एस-२ मधली सुरक्षित वापर आणि साठवणुकीची हमी, नमुना एस-३ मधलं शारीरिक व मानसिक आरोग्याचं डॉक्टरी प्रमाणपत्र. सेवेत असाल तर युनिटचं ना-हरकत पत्र जोडा. पेन्शनवर आलेल्यांनी डिस्चार्ज बुक आणि पीपीओची (पेन्शन आदेशाची) प्रत द्यावी. शेताचं कारण दिलं असेल तर आरटीसी (कर्नाटकातला सातबारा) उतारा. वयाची किमान अट २१ वर्षं आहे.

अडतं कुठे? पहिलं, नावात. डिस्चार्ज बुकात एक स्पेलिंग, आधारवर दुसरं, आरटीसीवर कन्नडमध्ये तिसरंच. प्रतिज्ञापत्र आधीच करून जोडा. दुसरं, पत्त्यात. सेवेत असलेल्याचा एक पत्ता युनिटचा आणि एक गावचा. पडताळणी कुठल्या ठाण्याने करायची यावरून कागद दोन्हीकडे फिरतो. अर्जात दोन्ही पत्ते लिहून ‘हत्यार कुठे ठेवणार’ ते वेगळं नमूद करा. तिसरं, भावकीत. बांधाच्या भांडणात कुणी दिलेली साधी तक्रारसुद्धा पोलीस अहवालात येते. ती लपवू नका, निकाल काय लागला त्याचा कागद जोडा. आणि ठाण्यात जबाब कन्नडमध्ये लिहिला गेला आणि तुम्हाला वाचता येत नसेल, तर तो वाचून दाखवा असं म्हणा, समजून घ्या, मगच सही करा. कुणी त्याचा राग मानत नाही.

पोलीस अहवालासाठी ३० दिवस आणि अहवाल मिळाल्यावर निर्णयासाठी ६० दिवस अशी नियमातली मुदत आहे. प्रत्यक्षात जास्त लागतात. नाकारल्यास कारणं लेखी मागा. अपिलाची मुदत ३० दिवसांची असते, म्हणून आदेश हातात पडल्याची तारीख पाकिटावर टिपून ठेवा. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाकडे कागद तपासून घ्यायला हरकत नाही, पण परवाना त्यांच्या हातात नसतो.

कुठलं हत्यार घेता येतं?

सर्वसाधारण परवान्यावर फक्त अप्रतिबंधित बोअरची (नळीच्या व्यासाची) हत्यारं मिळतात: .३२ चं रिव्हॉल्व्हर किंवा पिस्तूल, १२ बोअर, .३१५ रायफल. ९ एमएम, .३०३ वगैरे प्रतिबंधित बोअरचा परवाना केंद्रीय गृहमंत्रालयच देतं. पूर्वी एका माणसाला तीन हत्यारं ठेवता येत. २०१९ च्या दुरुस्तीनंतर दोनच. परवान्याची मुदत मात्र तीनवरून पाच वर्षांवर गेली. प्रत्येक परवान्याला राष्ट्रीय डेटाबेसमधला यूआयएन (स्वतंत्र ओळख क्रमांक) हवाच; तो नसेल तर जुनं, पिवळं पडलेलं परवाना-पुस्तक दाखवून काही उपयोग नाही.

खरा प्रश्न विचारतो: सगळ्या सैनिकांना रजेवर हत्यार बाळगायची सरसकट मुभा द्यायला हवी का?

आमचं मत स्पष्ट आहे: सरसकट नको.

बाजूने असलेला सगळ्यात भक्कम मुद्दा काश्मीरमधून येतो आणि तो हलका नाही. मे २०१७ मध्ये लेफ्टनंट उमर फैयाज रजेवर, निःशस्त्र, नातेवाइकांच्या लग्नाला गेले असताना त्यांना उचलून नेलं आणि शोपियान जिल्ह्यात मारलं. जून २०१८ मध्ये रायफलमन औरंगजेब ईदसाठी घरी निघाले होते. वाटेत अपहरण आणि हत्या. ज्या भागात वर्दीमुळे घरातच जीव धोक्यात आहे, तिथल्या जवानाला रजेत संरक्षण हवं, गरज पडली तर हत्यारही हवं. यावर वाद घालायचं कारण नाही.

पण तो धोका त्या भागाचा आहे. खानापूर तालुक्यातल्या किंवा येळ्ळूरच्या जवानाला रजेवर असताना कोण मारायला टपलंय? आमच्याकडे बंदुकीचं कारण म्हणून जे सांगितलं जातं ते बहुतेक वेळा बांध, वाटणी, निवडणुकीतली खुन्नस नाहीतर रानडुकरं. यातल्या पहिल्या तीन गोष्टींत बंदूक आली की भांडण मिटत नाही, कलम बदलतं.

दुसरं, प्रशिक्षणाबद्दल. ‘त्याला चालवता येते’ हे खरं आहे. पण जवान शिकतो तो सेक्शनमध्ये, फायर ऑर्डरवर, समोर कोण आहे ते सांगितलेलं असताना. गणपत गल्लीच्या गर्दीत, साध्या कपड्यात, एकट्याने पिस्तूल काढणं हे वेगळंच काम आहे. तिथे धावत आलेल्या पोलिसाला फक्त हातात पिस्तूल असलेला एक माणूस दिसतो. कोण जवान आणि कोण हल्लेखोर, हे त्याला कळायला काही मार्ग नसतो.

तिसरं आणि आमच्या मते सगळ्यात वजनदार: रजा संपल्यावर काय? वार्षिक रजा ६० दिवसांची. उरलेले महिने जवान पोस्टिंगवर आणि हत्यार गावात. ज्या घराच्या रक्षणासाठी ते घेतलं त्या घरातल्या कुणालाच ते हाताळायचा अधिकार नाही, कारण परवाना फक्त त्याच्या नावाचा. तेव्हा वर्षातले दहा महिने ते हत्यार चोराच्या उपयोगाचं, नाहीतर घरातल्या तापट पोराच्या.

म्हणून सध्याची रचना, म्हणजे गरज दाखवा, तपासून घ्या, मग परवाना, ही तत्त्वतः योग्य वाटते. सुधारायचं असेल तर वेग सुधारा. दोन महिन्यांच्या रजेत पडताळणी, डॉक्टर आणि ऑफिस यांचे खेटे पुरे होत नाहीत ही फौजींची तक्रार रास्त आहे.

अमेरिकेत, इस्रायलमध्ये, स्वित्झर्लंडमध्ये देतात की!

तपशील बघितले तर चित्र वेगळं दिसतं. अमेरिकेत २००९ मध्ये फोर्ट हूड, २०१३ मध्ये वॉशिंग्टन नेव्ही यार्ड आणि २०१५ मध्ये चॅटनूगा इथे लष्करी ठिकाणांवर गोळीबार झाले. त्यानंतर नोव्हेंबर २०१६ मध्ये तिथल्या संरक्षण खात्याने नियम बदलला. पण कसा? तळाच्या आत खाजगी हत्यार बाळगायची परवानगी द्यायची की नाही ते कमांडरने ठरवायचं, आणि अर्जदाराला स्थानिक कायदे पाळावे लागतात. सरसकट मुभा त्या नियमातही नव्हती. शिवाय फोर्ट हूडचा हल्लेखोर स्वतः लष्करातला मेजर होता, हे मुभा मागणाऱ्यांनी विसरू नये.

स्वित्झर्लंडमध्ये सैनिक रायफल घरी ठेवतात, पण घरी दिली जाणारी काडतुसं सरकारने २००७ नंतर परत घेतली. इस्रायलमध्ये लढाऊ तुकड्यांतले सैनिक रायफल खांद्याला लावून बसमध्ये बसतात. तो देश आकाराने आपल्या काही जिल्ह्यांएवढा आणि धोका दारात. बेळगावला त्याचा दाखला लागू पडत नाही.

कर्नाटकातच कोडगूच्या लोकांना सूट आहे. मग आम्हाला का नाही?

कोडव समाज आणि जम्मा (तिथल्या वंशपरंपरागत) जमीनधारकांना परवान्यातून असलेली सूट जुनी, परंपरेवर आधारलेली आहे आणि केंद्राने ती २०२९ पर्यंत वाढवली आहे. ती समाज आणि जमीन यांच्याशी बांधलेली आहे, फौजेतल्या नोकरीशी नाही. आपल्याकडे तशी अधिसूचना नाही. विषय तिथे संपतो.

परवाना बेळगावचा आहे. चंदगड, कोल्हापूर किंवा गोव्याला हत्यार नेता येईल?

परवान्यावरचा ‘क्षेत्र’ हा रकाना वाचा. तिथे ‘कर्नाटक’ लिहिलं असेल तर तुमचा परवाना शिनोळीच्या अलीकडे संपतो. निपाणीकडून गेलात तर कोगनोळीला, चोर्ल्याने गेलात तर घाटात. चंदगडच्या माणसाला उलट दिशेने हेच लागू: बेळगावचा बाजार त्याला रोजचा, पण महाराष्ट्रापुरता परवाना असेल तर ते पिस्तूल इथे विनापरवाना ठरतं. सीमाभागात एका दिवसात दोनदा राज्य बदलतं आणि ध्यानातही येत नाही, म्हणून ही चूक सहज होते. विनापरवाना हत्याराला शिक्षा किमान दोन वर्षं, जास्तीत जास्त पाच.

अखिल भारतीय वैधता मागता येते, आणि देशभर बदली होणारे सेनादलातले लोक त्यासाठी पात्र गटात येतात. कारण म्हणून बदल्यांची नोंद जोडा. ३० दिवसांपेक्षा जास्त काळासाठी मुक्काम बदलून हत्यार सोबत नेलं, तर जुन्या आणि नव्या दोन्ही ठिकाणच्या परवाना अधिकाऱ्यांना ३० दिवसांत कळवायचं असतं.

पोस्टिंगला असताना जम्मू-काश्मीरमध्ये काढलेला परवाना चालतो का?

आधी तो तपासून घ्या. २०१२ ते २०१६ या काळात तिथे २ लाख ७८ हजारांहून जास्त परवाने दिले गेले आणि त्यातल्या गैरव्यवहाराची चौकशी सीबीआयकडे गेली. सैनिकांच्या नावाने बाहेरच्यांना परवाने विकल्याचे आरोप त्यातच आहेत. तुमचा परवाना खरा असला तरी नूतनीकरणाला गेल्यावर संशयाच्या चाळणीतून जावं लागणार. त्या काळचं युनिटचं पत्र, पोस्टिंगची नोंद आणि हत्यार खरेदीची पावती काढून ठेवा. एजंटाने ‘पाठवून दिलेला’ आणि तुम्ही स्वतः कधी ऑफिसात न जाता मिळालेला परवाना असेल, तर ते हत्यार घेऊन कुठेही सुरक्षारक्षकाच्या नोकरीला उभं राहू नका. आधी वकील गाठा.

परवाना आहे. पिस्तूल कसं बाळगायचं?

नियम ३२ सांगतो तसं. पिस्तूल-रिव्हॉल्व्हर असेल तर अंगाला बांधलेल्या होल्स्टरमध्ये किंवा पिशवीत, पूर्ण झाकलेलं. लांब बंदूक तिच्यासाठी बनवलेल्या कव्हरमध्ये. दोन्ही वेळा ताबा तुमचाच हवा. गाडीच्या डिकीत टाकून जेवायला जाणं म्हणजे ताबा नव्हे. कमरेला खोचून शर्ट वर करून दाखवणं हा नियमभंग आहे आणि परवाना त्यावर रद्द होऊ शकतो.

जत्रा, धार्मिक मिरवणूक, जाहीर सभा आणि शाळा-कॉलेजच्या आवारात विशेष परवानगीशिवाय नेता येत नाही. म्हणजे सौंदत्तीची यात्रा, गणपती विसर्जन, शिवजयंतीची मिरवणूक, सगळीकडे ते घरीच. लग्नाच्या वरातीत हवेत बार काढणाऱ्यांसाठी २०१९ पासून स्वतंत्र कलम आहे: दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. वर गेलेली गोळी खाली येतेच, हे फौजीला तरी सांगावं लागू नये. कॅन्टीनची बाटली उघडली असेल त्या दिवशी हत्याराच्या कपाटाची चावी दुसऱ्या खोलीत.

सुवर्ण विधानसौधातल्या अधिवेशनाच्या वेळी किंवा सीमाप्रश्नावर वातावरण तापलं की जमावबंदीचे आदेश निघतात. त्यांत शस्त्रबंदीही असू शकते. निवडणूक जाहीर झाली की हत्यारं जमा करायचे आदेश येतात. नोटीस घरी येईपर्यंत थांबू नका. जमा करताना हत्याराचा क्रमांक पावतीवर बरोबर लिहिलाय का ते स्वतः वाचा. एक आकडा चुकला तर परत मिळवताना महिने जातात.

पोस्टिंगवर परत जाताना हत्याराचं काय करू?

तीन वाटा: जवळचं पोलीस ठाणं, परवानाधारक शस्त्रविक्रेता, किंवा युनिटचं कोत. सेनादलातल्या माणसासाठी कोतचा उल्लेख कलम २१ मध्येच आहे. कॅम्पमध्ये खाजगी हत्यार खोलीत ठेवायचं नाही, आल्याबरोबर जमा. घरच्यांकडे देऊन जायचं असेल तर बायकोने किंवा वडिलांनी स्वतःचा परवाना काढावा, दुसरा मार्ग नाही.

घरी ठेवायची असेल तर नीट कशी ठेवावी?

रिकामी, काडतुसं वेगळ्या कुलपात. साधं लोखंडी कपाट चालत नाही, चोर कपाटच उचलून नेतात. भिंतीत आणि फरशीत बोल्टने घट्ट केलेली पेटी हवी. खानापूर, जांबोटी, कणकुंबीच्या बाजूला पावसाळ्यात दमट हवेने आठवड्यात गंज धरतो. चामड्याच्या होल्स्टरमध्ये ठेवलं की आणखी लवकर, कारण चामडं ओल धरून ठेवतं. पेटीत सिलिका जेलच्या पुड्या ठेवा, महिन्याला बदला, आणि पुलथ्रूने तेलाची चिंदी नळीतून ओढा. फायर करण्याआधी मात्र कोरडी चिंदी फिरवायला विसरू नका.

ओलं काडतूस वाजलं नाही तर लगेच उघडू नका. नळी सुरक्षित दिशेला धरून किमान ३० सेकंद थांबा. उशिरा पेटणारा बार हातात फुटतो.

रजेवर असताना गोळी झाडावी लागली तर फौज पाठीशी उभी राहील का?

तपास नागरी पोलिसांकडे आणि खटला सत्र न्यायालयात चालेल. सामान्य नागरिकाचा खून किंवा सदोष मनुष्यवध झाला तर आर्मी ॲक्टच्या कलम ७० नुसार, ॲक्टिव्ह सर्व्हिससारखे अपवाद सोडता, कोर्ट मार्शल होत नाही. ड्यूटीवरच्या कृत्यासाठी अटकेपासून असलेलं संरक्षणही इथे नाही. उरतो तो खाजगी बचावाचा हक्क, भारतीय न्याय संहितेच्या कलम ३४ ते ४४ मधला. तोही धोका टळेपर्यंत आणि धोक्याच्या प्रमाणात. पळणाऱ्या चोराच्या पाठीत मारलेली गोळी त्यात बसत नाही.

आमचे मालक वारले. माजी सैनिक होते. कपाटात बंदूक आहे, परवाना सापडत नाही.

हात लावू नका, दुसरीकडे हलवू नका, भाच्याला ‘बघ जरा’ म्हणून देऊ नका. खोलीला कुलूप लावा आणि जवळच्या ठाण्यात लेखी कळवून पोलिसांनाच येऊन ताब्यात घ्यायला सांगा. मृत्यूचा दाखला जोडा. हत्याराचा क्रमांक लिहिलेली पावती घ्या. परवान्याची नोंद आयुक्तालयात किंवा डीसी ऑफिसात मिळते. वारसांपैकी कुणाला ती ठेवायची असेल तर त्याने स्वतःच्या नावाने परवान्याचा अर्ज करायचा आणि बाकीच्या वारसांची संमती जोडायची. कुणालाच नको असेल तर परवानाधारक विक्रेत्याला विकता येते. ज्यांचे वडील हयात आहेत त्यांनी एवढं बघावं: वय ७० झालं किंवा हत्यार २५ वर्षं जवळ असेल, तर परवानाधारक जिवंतपणीच ते वारसाच्या नावे करण्याचा अर्ज देऊ शकतो. नियम २५ खाली.